पेन्सिलीनं लिहिलेलं वाक्य

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणायचे. हे नाव एका विनोदी नटानं ठेवलं होतं. तो नट पुढे कंपनी सोडून गेला, नाव मात्र मागे ठेवून गेला. एकतीस वर्षं ही बाई विंगेत, पडद्याच्या आडोशाला, एका पाठ नसलेल्या स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवत आली. प्रेक्षकांनी तिला कधी पाहिलं नाही. आणि कुणाला तिचा आवाज ऐकू गेला असता, तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे वहीत बघून वाचणारा माणूस. डोंबल! वाचता कुणालाही येतं. खरं काम गप्प बसण्याचं. नट थांबला, तर तो विसरून थांबलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याच्या श्वासावरून ओळखायचं. कुजबूजच्या वहीत वाक्यावाक्यापुढे बारीक आकडे होते: इथे नायक तीन मोजेपर्यंत थांबतो, इथे आई चार. आकडा उलटून गेला आणि नटाचा श्वास पुढच्या वाक्याचा वाटला नाही, की पहिले दोन शब्द द्यायचे. त्यानं उचलले तर ठीक. नाही उचलले, तर अख्खं वाक्य द्यायचं, सपाट, रंग न भरता, कारण रंग भरणं हे नटाचं काम. यात विचार करायला सवडच नसते. विचार करेपर्यंत प्रयोग पडतो. गरम भांड्यावरून हात जसा आपोआप मागे येतो, तसं तिच्या तोंडून वाक्य बाहेर यायचं.

आता ज्या नाटकापायी हे सगळं झालं, ते नाटक तिच्या घरातलंच होतं.

तिची धाकटी बहीण गाद्यांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीची मुकादम होती. एका दुपारी कापसाच्या ढिगाला आग लागली आणि सतरा बायका आत जळून मेल्या. धाकटी त्यातलीच एक. ती दाराशी सापडली, मुठीत किल्ली घट्ट धरलेली. चौकशी झाली, अहवाल आला, आणि अहवालानं सरळ हिशेब करून टाकला: किल्ली मुकादमाकडे होती, मुकादम घाबरली, तिनं दार उघडलं नाही, म्हणून सोळा बायका हकनाक गेल्या. मालकानं तीव्र दुःख व्यक्त केलं आणि कारखान्याला नवा रंग दिला.

त्या सोळांपैकी पाच जणी कुजबूजच्याच गल्लीतल्या होत्या. गल्लीनं तिच्या आईला वाळीत टाकलं असंही म्हणता येत नाही, कारण तोंडानं कुणी एक वाकडा शब्द काढला नाही. शब्दच काढला नाही. समोरच्या घरातली तरणीताठी सून गेली होती. समोरची बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची, ती यांच्या घराकडे पाठ करून. आई कोपऱ्यावरचं दुकान सोडून दोन रस्ते ओलांडून लांबच्या दुकानात जायची.

नाटककार कंपनीचाच होता. तापट, अखंड चहा पिणारा, आणि एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. आपल्या प्रॉम्प्टरच्या बहिणीवर सोळा मरणं लादली जातायत हे त्याला सहन होईना. वर्षभर त्यानं कारखान्याच्या माणसांचे उंबरे झिजवले. शेवटी रखवालदार बोलला. दाराला आतून एक कुलूप होतं, त्याची किल्ली मुकादमाकडे असायची. पण बायका मधल्या वेळात पाय मोकळे करायला बाहेर पडतात म्हणून मालकाच्या हुकमानं बाहेरून दुसरं कुलूप ठोकायचे. त्या दुपारीही ठोकलं होतं. रखवालदारानं हे एकदाच सांगितलं, कागदावर सही करायची म्हणताच कानावर हात ठेवले, आणि पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवून कुठे नाहीसा झाला कुणास ठाऊक.

नाटकातला शेवटचा प्रवेश कोर्टातला. मेलेल्या मुकादमाची आई साक्षीला उभी असते. न्यायाधीश विचारतात, “किल्ली तुमच्या मुलीकडे होती?” आई म्हणते, “तिच्याकडेच होती साहेब.” चार मोजेपर्यंत थांबते. आणि मग म्हणते, “पण कुलूप बाहेरून घातलं होतं.”

मंजुरीसाठी वर पाठवलेल्या प्रतीत हे शेवटचं वाक्य नव्हतंच. तिथे नुसतं ‘तिच्याकडेच होती साहेब’ आणि पडदा. “ते कागद वाचतात, नाटक बघत नाहीत,” नाटककार म्हणाला. शिक्का बसून प्रत परत आली, तेव्हा त्यानं कुजबूजची वही पुढे ओढली आणि त्यात ते वाक्य पेन्सिलीनं लिहिलं.

“पेन्सिलीनं का?” तिनं विचारलं.

“कुणी वही मागितली तर खोडायला.”

दोनशे बारा प्रयोग झाले. वाक्य फक्त त्या वहीत आणि आईची भूमिका करणाऱ्या नटीच्या तोंडात होतं. कंपनीत त्या नटीला बाई म्हणत. कधी प्रेक्षकांत सरकारी माणूस बसलाय अशी कुणकुण लागली, की बाई त्या दिवशी चार मोजून नुसती मान खाली घालायची. दुसऱ्या प्रयोगाला वाक्य परत हजर. नाटकाचं एवढं बरं असतं. आज गिळलेलं वाक्य उद्या बोलता येतं.

कुजबूजच्या आईनं मात्र एकही प्रयोग पाहिला नाही. “मला नाही बघवायचं. तू सांगतेस ना, तेवढं पुरे,” म्हणायची. कुजबूज प्रयोग आटपून घरी आली, की चप्पल काढायच्या आधी प्रश्न यायचा.

“म्हणाली का गं ती आज?”

“म्हणाली.”

“मग? लोक?”

“एकदम गप्प झाले.”

एवढ्यावर आई पुढच्या प्रयोगापर्यंत जगायची. मग नट म्हातारे झाले, कंपनी विस्कटली, नाटककार हृदयविकारानं गेला, आणि आईनं विचारायचं बंद केलं. कारण विचारणार काय?

अशात एक दिवस दाढीवाला दिग्दर्शक वही मागायला आला. कॉलेजात असताना त्यानं हे नाटक पाहिलं होतं, आणि आता त्यावर सिनेमा करायचा म्हणत होता. आईच्या भूमिकेला तीच बाई. तेव्हा केसांना पावडर लावून म्हातारी व्हायची, आता पावडरीची गरज उरली नव्हती. “मावशी, वही तुमची, तुम्ही पण माझ्या,” असं म्हणून त्यानं कुजबूजला संवाद पाहायला ठेवून घेतलं.

आईला सांगितलं, तेव्हा तिनं आधी विचारलं, कुठल्या थिएटरला लागणार. त्यांच्या गल्लीतून नाटकाला कधी कुणी गेलं नव्हतं. पण सिनेमाचं थिएटर गल्लीच्या तोंडाशीच होतं, आणि तिथे लागलेला कुठलाही सिनेमा गल्ली सोडत नसे.

“म्हणजे समोरची पण बघेल,” आई म्हणाली.

“बघेल.”

“तिच्या कानानं ऐकेल.”

“ऐकेल की.”

त्या दिवसापासून आईच्या अंगात बळ आलं. पंच्याऐंशीची बाई, पण आपली आपण भिंतीला धरून अंगणात फेऱ्या मारायला लागली. थिएटरला पायऱ्या आहेत, सराव हवा, असं तिचं म्हणणं.

इकडे दिग्दर्शकानं सेन्सॉरकडे जायच्या आधीच स्वतःच कात्री हातात घेतली. गाद्यांचा कारखाना बदलून खेळण्यांचा केला. मालकाचा झाला व्यवस्थापक. सतरा बायका गेल्या, त्याऐवजी ‘काही कामगार’ गेले. कुजबूज कुरकुरली, तर तो समजूत घालायला लागला. “मावशी, आपण आपल्या हातानं दहा गोष्टी सोडल्या ना, की ते अकरावीला हात लावत नाहीत.” किती भाबडा माणूस! दहा गोष्टी आपण होऊन काढल्यावर समितीला बघायला अकरावीच उरली.

समितीचं पत्र आलं. बाकी सिनेमाला हरकत नव्हती, उलट ‘भावस्पर्शी’ असा शेरा होता. फक्त कोर्टातलं शेवटचं वाक्य वगळावं, कारण मूळ मंजूर नाट्यसंहितेत सदर वाक्य आढळत नाही.

दिग्दर्शक तिला घेऊन समितीच्या कचेरीत गेला. अध्यक्ष मऊ बोलणारे गृहस्थ होते, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी चहा मागवला. टेबलावर जुन्या संहितेची प्रत होती, शिक्क्यासकट.

“साहेब, हे वाक्य नाटकात होतं,” दिग्दर्शक म्हणाला. “दोनशे प्रयोगांत बोललं गेलंय.”

“असेल. म्हणजे मंजुरीशिवाय बोललं गेलंय, असं तुम्ही मला लेखी देताय का?”

दिग्दर्शकानं बिस्किट चहात बुडवलं आणि ते तिथेच राहिलं. कुजबूजला राहवलं नाही.

“तुम्ही पाहिलंय का हो नाटक?”

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “दोनदा.”

“मग?”

“मग काय बाई? तेव्हा मी विद्यार्थी होतो, आणि दोन्ही वेळा रडलो होतो. पण नाटक चारशे माणसं बघतात आणि घरी जाऊन जेवतात. सिनेमा गावोगाव जातो. तो कारखाना अजून चालू आहे. मालकाचा मुलगा आता कुठल्या खुर्चीत बसतो, ते मी सांगायला हवं का?” मग दिग्दर्शकाकडे बघून ते सावकाश म्हणाले, “वाक्य काढा. पात्रानं गप्प राहण्याला आमच्या नियमात कुठेही हरकत नाही.”

जिन्यावरून उतरताना दिग्दर्शकाला हर्षवायू व्हायचा बाकी होता. “मावशी, वाट दाखवली त्यांनी! कळलं का तुम्हाला?”

आणि खरंच, त्यानं जे केलं ते बघून कुजबूजच्याही अंगावर काटा आला. बाईला परत बोलावून त्यानं कोर्टाचा तेवढा तुकडा नव्यानं चित्रित केला. “तिच्याकडेच होती साहेब,” एवढं बोलून बाई थांबते. मान वर करते. समोर बसलेल्या व्यवस्थापकाकडे बघते. एक शब्द नाही. चौदा सेकंद ती नुसती बघत राहते, आणि बाराव्या सेकंदाला तो माणूस नजर चुकवून आपल्या बुटांकडे बघायला लागतो. मग बाई मान खाली घालते. पापी कोण, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

घरी येऊन तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. आईला ते फारसं पटलं नाही.

“न बोलता कसं कळेल लोकांना?”

“कळतं आई. ती त्याच्याकडे बघते.”

“किती वेळ?”

“चौदा सेकंद.”

आईनं मनातल्या मनात चौदा मोजले. “बरं. बघू दे चांगलं टक लावून.”

समितीसमोर दुसऱ्यांदा दाखवायचं ठरलं ते सकाळी अकराला, कचेरीच्याच छोट्या थिएटरात. अध्यक्ष आणि त्यांचे चार सदस्य मधल्या रांगेत बसले. पहिल्या वेळी समितीतर्फे अध्यक्षांनी एकट्यानंच सिनेमा पाहिला होता. त्या चौघांनी ना नाटक पाहिलं होतं, ना ते वाक्य ऐकलं होतं. दिग्दर्शक मागे बसला. कुजबूजला तिथे काही काम नव्हतं, पण आईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगायचं म्हणून ती हट्टानं गेली होती. फुकट सिनेमा बघायला आलेल्या कचेरीतल्या माणसांनी बाकीच्या खुर्च्या भरल्या होत्या, तिच्यासाठी उरली नाही. शिपायानं कुठूनसं एक स्टूल आणलं आणि पडद्याच्या बाजूला, भिंतीलगत, काळ्या पडद्याच्या घडीजवळ ठेवलं. ती बसली आणि दिवे गेले.

संकलकाच्या खोलीत हा प्रवेश तिनं वीसदा पाहिला होता. पण तिथे पडदा वहीएवढा, दिवा चालू, आणि संकलक दर दोन मिनिटाला थांबवून जांभई देणारा. इथे अंधार होता. बाजूनं दिसणारा बाईचा चेहरा होता, माणसाहून मोठा. अंधारात माणसं खोकत होती, खुर्च्या करकरत होत्या. एकतीस वर्षं तिनं बाईला याच कोनातून पाहिलं होतं, याच अंधारातून, असल्याच स्टुलावरून.

“किल्ली तुमच्या मुलीकडे होती?”

“तिच्याकडेच होती साहेब.”

एक. दोन. तीन. चार.

बाईनं श्वास घेतला नाही. पाच. सहा. कुणीतरी खोकलं. सात. बाई अडकली.

“पण कुलूप—” कुजबूज म्हणाली.

बाईनं उचललं नाही. तशीच समोर बघत राहिली. आता अख्खं वाक्य द्यायला हवं होतं.

“पण कुलूप बाहेरून घातलं होतं.”

सपाट, रंग न भरता, अगदी नेमाप्रमाणे. नाट्यगृहात हा आवाज पहिल्या रांगेच्या अलीकडे विरून जायचा. पण हे पस्तीस खुर्च्यांचं थिएटर होतं, आणि पडद्यावर मुद्दाम केलेली शांतता होती. सुई पडली असती तरी ऐकू आली असती. पडद्यावर व्यवस्थापकानं नजर खाली घातली, तेव्हा कुठे कुजबूजला कळलं की बाई विसरलेली नाही, बाई इथे नाहीच, आणि आपण काय केलं. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दिवे लागले.

“कोण बोललं ते?” एका सदस्यानं विचारलं.

“कुठलं कुलूप?” दुसऱ्यानं विचारलं. “बाहेरून कुणी घातलं?” तिसऱ्यानं तोवर वाक्य कागदावर उतरवूनही घेतलं होतं. चौथी सदस्य हुशार होती. ती म्हणाली, “अच्छा, म्हणजे ही बाई त्याच्याकडे बघते ती म्हणून होय!”

अध्यक्ष खुर्चीतून उठले. बाहेर बोळात कुजबूज भिंतीला टेकून उभी होती, तिच्याजवळ ते थांबले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“बाई, मला ठाऊक होतं ना ते वाक्य,” ते हळूच म्हणाले. “मी मनात म्हटलं होतं. त्या चौघांना ठाऊक नव्हतं. आता त्यांनी ऐकलं, आणि मी त्यांच्या देखत ऐकलं.”

“साहेब, सवयीनं गेलं हो तोंडून. मी पाया पडते तुमच्या. माझ्या बहिणीचं नाव आहे त्यात.”

“मला माहीत आहे कुणाचं नाव आहे,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आत गेले.

निकाल त्याच आठवड्यात आला. आईच्या पात्रानं उत्तर दिल्यानंतरची शांतता पूर्णपणे वगळावी. व्यवस्थापकाकडे बघणं वगळावं. व्यवस्थापकाचं खाली बघणंही. प्रश्न आणि उत्तर मात्र मंजूर संहितेतले असल्यामुळे जसेच्या तसे ठेवावेत.

संकलकानं चौदा सेकंद काढले आणि दोन टोकं जोडली. कुजबूज शेजारी बसली होती. न्यायाधीश विचारतात, किल्ली तुमच्या मुलीकडे होती? बाई म्हणते, तिच्याकडेच होती साहेब. आणि लगेच मान खाली घालते. मागे करुण वाद्य वाजायला लागतं.

संकलकानं परत एकदा दाखवलं. परत तेच. चोरी पकडली जावी तशी ती मान खाली जात होती. जो अहवाल पुसायला नाटककारानं जिवाचं रान केलं, तोच अहवाल आता बाई स्वतःच्या तोंडानं कबूल करत होती, आणि तेही इतक्या सुंदर अभिनयानं.

“सगळा प्रवेशच काढ,” कुजबूज दिग्दर्शकाला म्हणाली. “हात जोडते. प्रश्न पण काढ, उत्तर पण काढ.”

“मावशी, कालच विचारलं मी. एक फ्रेम जरी हलवली तर पहिल्यापासून परत तपासणी. निर्माता म्हणतो, तारीख जाहीर झालीय, थिएटरं ठरलीयत, जे आहे ते लावा.” त्यानं दाढीत बोटं घातली. “आणि खरं सांगू? आपल्याला माहीत आहे म्हणून तसं वाटतं. लोकांना नाही वाटणार.”

वेळ मारून न्यायला माणूस काय काय बोलतो! कुजबूज उठली आणि घरी गेली. आईला सांगायचं तिच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता थिएटरवर पाटी लागली.

“आई, गर्दी असेल. पाय सुजतील तुझे.”

“सुजू देत.”

“मी सांगीन ना तुला सगळं. नेहमी सांगतेच की.”

“इतकी वर्षं तुझ्याकडूनच ऐकलं,” आई म्हणाली. “आता एकदा माझ्या कानानं ऐकते. बोलत नाही ती, बघतेच नुसती, आहे लक्षात माझ्या. मी चौदा मोजीन.”

इथे तरी कुजबूजनं सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही होतं. पण आई तोवर ठेवणीतले कपडे घालून दारात उभी होती. दुसऱ्यांची वाक्यं वेळेवर देणाऱ्या या बाईला स्वतःचं एक साधं वाक्य वेळेवर देता आलं नाही, आणि या गोष्टीसाठी तिला माफ करावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी तीनचा खेळ होता. गल्ली ओलांडताना आई मध्येच थांबली. समोरची बाई दारात होती, पाठ करून.

“येताय ना बघायला?” आईनं तिला विचारलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

समोरची वळली. “सुनेवर काढलाय म्हणतात,” ती म्हणाली.

“सगळ्यांवरच काढलाय,” आई म्हणाली आणि ताठ मानेनं पुढे निघाली. थिएटरच्या पायऱ्या तिनं कुणाचा हात न धरता चढल्या.

अर्धं थिएटर गल्लीनंच भरलं होतं. आग लागली तेव्हा हुंदके ऐकू यायला लागले. कोर्टाचा प्रवेश आला, तशी आई खुर्चीत पुढे सरकली. बाईनं उत्तर दिलं. आईनं बोटं मोजायला उचलली. पहिल्या बोटालाच बाईची मान खाली गेली, वाद्य वाजलं, आणि पुढच्या क्षणाला पडद्यावर नावं यायला लागली. आईची बोटं तशीच हवेत राहिली.

बाहेर व्हरांड्यात माणसं डोळे पुसत उभी होती. समोरची बाई गर्दीतून वाट काढत आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिनं आईचे दोन्ही हात हातात घेतले.

“जाऊ दे आता,” ती म्हणाली. “पोरच होती ती. घाबरली असेल. तिचा पण जीव गेलाच ना. आम्ही माफ केलं तिला. आजपासून मनात काही ठेवायचं नाही.”

मागून आणखी दोघी-तिघी आल्या. एकीनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांनी गल्ली तिच्याशी बोलत होती, आणि किती मायेनं बोलत होती! कुणाचं तोंड धरावं आणि कुणाला काय सांगावं, कुजबूजला कळेना.

“तुमचे उपकार झाले,” आई समोरचीला म्हणाली.

घरी आल्यावर आई खाटेवर बसली. कुजबूजनं पाण्याचा पेला दिला, तो तिनं घेतला आणि मांडीवर धरून ठेवला.

“तिच्याकडेच होती ना किल्ली?” आई म्हणाली.

“हो आई. पण—”

“मग उघडलं का नाही गं तिनं?”

कुजबूज तिच्यासमोर खाली बसली. आईचे गुडघे धरून, स्पष्ट, मोठ्यानं, एकतीस वर्षांत कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्यानं म्हणाली, “आई, कुलूप बाहेरून घातलं होतं.”

आईनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलीची समजूत काढावी तसा तिनं कुजबूजच्या केसांवरून हात फिरवला.

“ते नाटकातलं गं,” ती म्हणाली. “मी खरं विचारतेय.”